कोणाच्या टेबलावर काय असतं: शेतीधोरणात इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी

शेतीधोरणाच्या कामात इंटर्न म्हणून जाणार असाल तर पहिल्या आठवड्यात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण एक तक्ता तयार करा: आपल्या विषयातला कोणता निर्णय नेमकं कोण घेतं. मी एम.ए. अर्थशास्त्राला असताना २०२४ चा उन्हाळा पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत काढला. विषय होता कांद्याची निर्यात. पुढे जे काही केलं त्याला या तक्त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कॉलेजातल्या कुठल्याच वहीचा झाला नाही.

कांद्याचंच घ्या. निर्यातबंदी घालतं ते वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे बोलीभाषेतलं डीजीएफटी. निर्यातशुल्क लावतं अर्थ मंत्रालय. साठ्यावरची मर्यादा आणि बफर स्टॉक, म्हणजे भाव आवरण्यासाठी सरकारने ठेवलेला साठा, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे. त्या साठ्याची खरेदी प्रत्यक्षात नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था करतात. बाजार समिती, लिलाव, हमाली-तोलाई हा राज्याच्या पणन खात्याचा प्रांत. आणि ज्या कृषी मंत्र्यांच्या नावाने सगळ्यात जास्त निवेदनं निघतात, त्यांच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं. संस्थेत मला अशा निवेदनांचा एक गठ्ठा वाचायला दिला होता. बरीचशी तहसीलदारांकडे दिलेली, विषय ‘निर्यातबंदी तात्काळ उठवणेबाबत’. तहसीलदार ते वर पाठवतात, वरचे आणखी वर, आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असे शेरे गोळा करत कागद फिरत राहतो. फोटो मात्र दुसऱ्या दिवशी पेपरात येतो.

त्या उन्हाळ्याची पार्श्वभूमी अशी. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये सरसकट बंदी आली, ती ३१ मार्चला संपायची होती पण पुढचा आदेश येईपर्यंत वाढवली गेली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वेगळी परवानगी मिळाली, तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्यांचं डोकं फिरलं ते साहजिकच होतं. मग ४ मे रोजी, ऐन लोकसभा निवडणुकीत, बंदी उठली. ‘निर्यात खुली’ असे मथळे आले. माझं पहिलं काम त्या मथळ्यामागचं गणित मांडण्याचं होतं. किमान निर्यातमूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल बाहेर विकताच येत नाही तो भाव, टनाला ५५० डॉलर. त्यावर ४० टक्के शुल्क, म्हणजे २२० डॉलर. झाले ७७०. तेव्हाच्या साधारण ८३ रुपयांच्या दराने, बंदरातून निघतानाच कांदा किलोला ६४ रुपयांना पडत होता. एप्रिलअखेर लासलगावच्या कांदा बाजारात शेतकऱ्याला मिळत होता तो भाव याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नव्हता. दार उघडलं होतं, उंबरा मात्र कमरेएवढा ठेवला होता.

एवढी आकडेमोड दहावीचं पोरगंही करेल. पण ती त्याच दिवशी, सोप्या मराठीत, वार्ताहराच्या व्हॉट्सॲपवर पोचली पाहिजे. चार दिवसांनी पाठवलेलं अचूक टिपण कोणी उघडत नाही.

आता आकड्यांबद्दल, कारण इंटर्नचा निम्मा वेळ यातच जातो. बाजारभाव तुम्ही ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या वेबसाइटवरून किंवा राज्याच्या पणन मंडळाच्या वेबसाइटवरून घेणार. लासलगाव शोधलंत की तीन लासलगाव सापडतील: नुसतं लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर. मुख्य बाजार आणि उपबाजार वेगवेगळे नोंदले जातात. सगळे एकत्र ओढलेत तर सरासरी भलतीच येते. एका ठिकाणी आवक टनात, दुसरीकडे क्विंटलमध्ये. जातीच्या रकान्यात ‘लाल’, ‘उन्हाळी’, ‘लोकल’. मार्च-एप्रिलमध्ये लाल आणि उन्हाळ कांदा एकाच वेळी बाजारात असतो आणि भाव वेगळे असतात, म्हणून जात न बघता काढलेला आलेख फेकून द्यायच्या लायकीचा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. पेपर कमाल भाव छापतो, जो कदाचित दोन-चार ट्रॉल्यांनाच मिळालेला असतो. तुम्ही सर्वसाधारण भावच धरा.

आणि तोही शेतकऱ्याच्या हातातल्या पट्टीशी ताडून बघा. लिलावाच्या आवारात एका ताईंनी मला आपली हिशोबपट्टी दाखवली. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, मग निव्वळ रक्कम. त्या म्हणाल्या, “वरचा आकडा पेपरातला, खालचा आमच्या घरातला.” शिवाय त्याच मालातली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळ्या, बऱ्याच कमी भावाने गेली होती. तिची स्वतंत्र पट्टी त्यांनी पिशवीतून शोधून काढली. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये गोल्टीसाठी रकानाच नव्हता. तो त्या दिवशी संध्याकाळी घातला.

गावात गेलात की पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, “तुम्ही कोणत्या पक्षाचे?” आमच्या वेळी तर २० मे रोजी नाशिक आणि दिंडोरीचं मतदान होतं, त्यामुळे हा प्रश्न चहाच्या आधी यायचा. चिडू नका. ओळखपत्र दाखवा, माहिती कुठे वापरणार ते सांगा, आणि कर्जमाफी मिळवून देण्याचं आश्वासन चुकूनही देऊ नका. दुसरा प्रश्न “याचा आम्हाला काय फायदा?” त्याला खरं उत्तर “लगेच काही नाही” हेच आहे, आणि तसं सांगितलं तर लोक उलट जास्त बोलतात.

उत्पादनखर्च विचारताना एका काकांनी मलाच कोंडीत पकडलं. “घरच्यांची मजुरी धरू का? धरली तर तुमचा कागद तोटा म्हणेल, नाही धरली तर नफा.” हमीभावाचा सगळा वाद या एका प्रश्नात बसतो. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी (फॅमिली लेबर) मिळवली की ए-२ अधिक एफएल. स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की सी-२. केंद्र सरकार २०१८ पासून हमीभाव खर्चाच्या दीडपट म्हणतं ते ए-२ अधिक एफएलच्या. शेतकरी संघटना मागतात सी-२ च्या. नवीन माणसाने हे तीन पाठ करावेत, कारण कुठल्याही चर्चेत दोन बाजू वेगवेगळा खर्च धरून एकमेकांना खोटं पाडत असतात. आणि हेही लक्षात असू द्या की हमीभावाच्या २२ पिकांत कांदा नाही. ‘कांद्याला हमीभाव मिळत नाही’ असं लिहिलंत तर समोरचा अधिकारी पुढचं वाचणार नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराला कायद्याने ३० दिवस असतात आणि इंटर्नशिप दोन महिन्यांची. फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्यावरूनच परत येतो. निवडणूक असेल तर कार्यालयात ‘आचारसंहिता आहे’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकाल की अर्ज पोस्टाने पाठवलेलाच बरा. सरकारी जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, कॉपी केल्या की नुसती जिलबी उमटते. मराठी टायपिंग येत असेल तर तुम्ही ऑफिसात आठवडाभरात अपरिहार्य होता, हा माझा अनुभव.

जूनच्या शेवटी विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन सुरू झालं, तेव्हा आमदारांसाठी टिपणं करायची होती. तारांकित प्रश्न खूप आधी द्यावे लागतात, ती वेळ गेलेली असते. अधिवेशन तोंडावर आलं की उरते लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. टिपण एकाच पानाचं. मागणी पहिल्या वाक्यात, निर्णय कोणाचा ते दुसऱ्यात, आकडे फार तर तीन. आमदाराला केंद्राच्या विषयावर फक्त ‘राज्याने केंद्राकडे शिफारस करावी’ एवढंच मागता येतं, त्यामुळे राज्याच्या अखत्यारीतली एखादी मागणी, उदाहरणार्थ कांदा साठवायच्या चाळीचं अनुदान, सोबत जोडावी.

एका गोष्टीवर माझे आणि संस्थेतल्या ज्येष्ठांचे खटके उडाले. ‘शहरात कांदा महागला तर काय?’ या प्रश्नाचं उत्तर टिपणात असावं, असा माझा आग्रह होता. त्यांचं म्हणणं, ती सरकारची डोकेदुखी. मला आजही वाटतं की ग्राहक व्यवहार विभागाचा माणूस नेमकी हीच ओळ शोधत असतो आणि ती नसली तर आपला कागद बाजूला सारतो. बंदी घालण्याऐवजी बफरचा माल वेळेवर बाजारात सोडा, एवढं जरी लिहिलं तरी संवाद सुरू होतो.

१३ सप्टेंबर २०२४ ला किमान निर्यातमूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. हे आपल्या टिपणामुळे झालं असं सीव्हीत लिहिणाऱ्या इंटर्नला कोणी घेऊ नये. विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात होती, एवढं सांगितलं तरी पुरे. सीव्हीत लिहा: बाजारभावांची माहिती स्वच्छ केली, अमुक विषयावर एकपानी टिपण केलं.

अर्ज कुठे करायचा? नाबार्डची, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेची, विद्यार्थ्यांसाठी इंटर्नशिप योजना आहे, तिला मानधन आहे. नीती आयोगाचे अर्ज दर महिन्याच्या १ ते १० तारखेला उघडतात, पण तिथे पैसे मिळत नाहीत आणि दिल्लीत राहायचा खर्च आपला. शेतकरी उत्पादक कंपन्यांचे महासंघ, संशोधन संस्था आणि छोट्या संस्था जाहिरात देतच नाहीत. त्यांना फेब्रुवारीतच मेल टाकावा लागतो. मानधन, प्रवासखर्च कोण देणार, हे आधीच लेखी विचारा. मेस आणि खोलीचं भाडं भागलं नाही तर ती इंटर्नशिप सुखवस्तू घरातल्या मुलांचीच राहते. मेलला गुणपत्रिकेपेक्षा स्वतः लिहिलेलं एक पान जोडा. माझ्या मुलाखतीत गुणांचा विषयच निघाला नाही. समोर एक सातबारा ठेवला आणि यात कांद्याची नोंद कुठे सापडेल ते दाखव म्हणाले. (गाव नमुना बारामध्ये, २०२१ पासून ती शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवरून भरतो.)