मिडियम वेव्हची चौकट: थंडी पडण्याआधीची तयारी

हस्ताचा पाऊस थांबला की चौकटीच्या, म्हणजे लाकडावर तार गुंडाळून केलेल्या अँटेनाच्या, सुतारकामाला लागायचे. मिडियम वेव्हवर, म्हणजे रेडिओच्या एएम पट्ट्यावर, दूरची केंद्रे ऐकण्याचा खरा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीपर्यंत टिकतो. त्याआधी आभाळात वीज असते, आणि शेकडो किलोमीटरवर कडाडलेली वीजसुद्धा रेडिओत खरखरून जाते. दिवसा वातावरणातला 'डी' थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरांवरून परततात आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर उतरतात. रात्र जितकी लांब तितके ऐकायला अधिक. गेल्या काही वर्षांत आपल्याकडचे कितीतरी मिडियम वेव्ह प्रक्षेपक बंद झाले. जे उरलेत ते याच हिवाळ्यात ऐकून घ्यावेत असे मला मनापासून वाटते, म्हणून ही तयारी.

बाजारात जाण्याआधी घर तपासा. सेलवर चालणारा रेडिओ हातात घ्या, दुपारी केंद्र नसलेल्या जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि खोल्याखोल्यांतून फिरा. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, राउटर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांपैकी जे बोंबलत असेल ते कागदावर लिहा आणि एकेक बंद करून खात्री करून घ्या. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी मी दोन हिवाळे अँटेनाला दोष देत बसलो होतो. गोंगाट करत होता तो गोठ्यातला एक एलईडी बल्ब. तो बदलला त्या रात्री जे उघडले ते आधीच्या कुठल्याही तारेने उघडले नव्हते. वीज गेली की आजूबाजूची घरेही शांत होतात, तेव्हा बँड कसा स्वच्छ होतो ते एकदा लक्ष देऊन ऐका. आपल्याला जवळपास तेवढी शांतता हवी असते. अँटेनाचे निम्मे काम आवाज वाढवण्याचे, उरलेले निम्मे नको ते बाजूला सारण्याचे.

आता सामान. मी सांगतोय ती चौकट ६० सेंटिमीटर बाजूची. याहून मोठी अधिक ओढते, पण ती दारातून आत-बाहेर करणे जिवावर येते. सुताराकडून सरळ, वाळलेल्या लाकडाच्या ८५ सेंटिमीटर लांबीच्या दोन रिपा आणा. मधोमध खाच पाडून त्या अधिक चिन्हासारख्या एकमेकींत बसवायच्या. टोकांना प्रत्येकी १० सेंटिमीटरची एक आडवी पट्टी ठोकायची, म्हणजे चार पट्ट्या. लाकडाऐवजी विजेच्या फिटिंगची पीव्हीसी नळी चालेल. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची बंद चौकट मात्र करू नका. धातूचे बंद कडे स्वतःच एक वेढा होऊन बसते आणि तुमच्या वेढ्यांतला जोर खाऊन टाकते.

तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २४ गेजची एनॅमल केलेली तांब्याची तार मागा. ४० मीटर तार १०० ग्रॅमच्या आतच भरते. प्लास्टिकच्या आवरणाची बारीक लवचिक तारही उत्तम चालते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तीच सोपी जाते, कारण ती पिळली तरी एनॅमलसारखी दुमडून मोडत नाही.

गँग कंडेन्सर, म्हणजे दांडा फिरवून सूर जुळवायचा भाग, मिळवायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. हवेच्या पात्यांची गँग आता नवी क्वचितच दिसते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे मोडीत निघालेले व्हॉल्व्हचे रेडिओ शोधा. गँग हातात घेतली की दांडा पूर्ण फिरवून पाहा: पाती कुठे घासत असतील तर ती घेऊ नका, वाकलेली पाती सरळ करण्यात आठवडा जातो. जुन्या गँगचा एक भाग साधारण ३६५ किंवा ५०० पिकोफॅरडचा असतो. खिशातल्या रेडिओतली छोटी प्लास्टिकची गँग मिळाली तरी निराश होऊ नका. तिच्यावर बँडचा वरचा भाग पकडता येतो, आणि खालच्या भागासाठी २२० पिकोफॅरडचा एक कंडेन्सर स्विचने समांतर जोडायचा.

वेढे किती, हे गँगवर ठरते. ६० सेंटिमीटरच्या चौकटीला ५०० पिकोफॅरडची गँग असेल तर १२ वेढे, ३६५ ची असेल तर १४. आडव्या पट्ट्यांवर करवतीच्या पात्याने ६-६ मिलिमीटरवर खाचा पाडून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, तरी घाई करू नका. वेढे एकमेकांना चिकटले तर तारेतारेत आपोआप कंडेन्सर तयार होतो, मग गँग पूर्ण उघडली तरी १५०० किलोहर्ट्झच्या वर सूर लागत नाही. तार गुंडाळायला दुसरा माणूस हवाच. एकाने चौकट फिरवायची, दुसऱ्याने तार ताणून धरायची. माझी आई रीळ धरते, आणि तिच्या हातचा ताण माझ्याहून सारखा असतो. शेवटी तारेची दोन्ही टोके गँगच्या दोन बाजूंना सोल्डर करा. एनॅमलची तार असेल तर टोके पॉलिश पेपरने लखलखीत घासा, नाहीतर सोल्डर वरवर बसल्यासारखे दिसते आणि आत जोड नसतो. दांड्यावर मोठे प्लास्टिकचे बटन बसवा. हात धातूजवळ गेला की सूर सरकतो.

रेडिओला जोडायला काहीच नाही, आणि या अँटेनाचे मला सगळ्यात आवडते ते हेच. रेडिओच्या आत फेराइटची कांडी, म्हणजे त्याची स्वतःची अँटेना असते, बहुतेक रेडिओंत ती रेडिओच्या लांबीच्या दिशेने आडवी बसवलेली असते. रेडिओ चौकटीच्या खालच्या तारांजवळ असा ठेवा की त्याची लांबी चौकटीला काटकोनात येईल. दोन्ही एकाच पाटावर ठेवा, म्हणजे एकत्र फिरवता येतील. मग दिवसाउजेडी चाचणी घ्या: एखादे क्षीण केंद्र लावा, गँग सावकाश फिरवा. एका जागी आवाज एकदम भरून आला की चौकट जुळली. मुंबईचे ५५८ किलोहर्ट्झचे केंद्र लावून गँग पूर्ण मिटली तरी तो भराव येत नसेल तर एक वेढा वाढवा. वरच्या टोकाला येत नसेल तर एक कमी करा.

यानंतर दिशा. चौकटीची कड ज्या दिशेला, तिकडचे केंद्र जोरात. चौकटीचे तोंड, म्हणजे सपाट बाजू, ज्या दिशेला, तिकडचे दबते. या दबणाऱ्या दिशेला मी मुकी बाजू म्हणतो. घरातल्या गोंगाटाकडे मुकी बाजू केली की निम्मी लढाई जिंकली. जवळचे केंद्र दूरच्यावर चढत असेल तिथेही हीच युक्ती. सोलापूरचे ६०३ आणि बेंगळुरूचे ६१२ यांत फक्त ९ किलोहर्ट्झचे अंतर आहे. आमच्याकडून सोलापूर जवळजवळ पूर्वेला आणि बेंगळुरू आग्नेयेला, त्यामुळे चौकटीचे तोंड सोलापूरकडे केले की कन्नड वर येऊ लागते. रात्री आकाशातून उतरणाऱ्या लहरींपुढे मुकी बाजू दिवसाइतकी धारदार राहत नाही, तेव्हा चौकट थोडी तिरकीही करून पाहायची. पाटाभोवती खडूने दिशा आखून ठेवा. अंधारात त्या फार कामी येतात.

ऐकायच्या रात्रीसाठी वेगळी पिशवी भरा. रेडिओसाठी नवे सेल, कारण अडॅप्टर लावला की गोंगाट परत आला. कान पूर्ण झाकणारा हेडफोन, वही, पेन्सिल, मिनिटाला बरोबर असलेले घड्याळ, कानटोपी. वहीत आधीच आकडे लिहून ठेवा: नागपूर ५८५, कोलकाता ६५७, चेन्नई ७२०, पुणे ७९२, दिल्ली ८१९, श्रीलंकेतल्या पुत्तलमचे ८८२. पुत्तलम आमच्यापासून सुमारे १२०० किलोमीटर, दिल्ली त्याहून थोडी लांब, कोलकाता १७०० च्या आसपास. एखाद्या आकड्यावर काहीच नसेल तर लगेच चौकट उलगडू नका, दोन-तीन रात्री परत या. मिडियम वेव्ह रोज सारखी नसते. पूर्ण तासाला केंद्राचे नाव सांगतात, म्हणून तासाच्या आधीची दोन मिनिटे काटा हलवायचा नाही. भाषा, गाणे, निवेदकाचे शब्द, वेळ, चौकटीची दिशा, सगळे तिथल्या तिथे लिहायचे. सकाळी आठवेल असे वाटते, आठवत नाही.

ज्यांच्याकडे मोठी वाडी किंवा शेत आहे त्यांनी पुढच्या वर्षासाठी बेव्हरेज अँटेना मनात ठेवावी. जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर एका लहरीइतकी लांब तार, म्हणजे १००० किलोहर्ट्झला ३०० मीटर, आणि दूरच्या टोकाला सुमारे ४५० ओहमच्या रेझिस्टन्समधून अर्थिंग. ती विजेच्या तारांच्या वरून किंवा खालून कधीही न्यायची नाही आणि ढगांचा आवाज आला की रेडिओपासून सोडवून ठेवायची.

पहिल्या रात्री सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी अंगणात बसा. घरात सांगून ठेवा की तासभर चार्जर लावायचे नाहीत. कोलकात्यात आपल्याहून सुमारे तासभर आधी मावळते, त्यामुळे पूर्वेची केंद्रे आधी जागी होतात. चौकटीची कड पूर्व-ईशान्येला करा, काटा ६५७ वर ठेवा आणि गँगच्या बटनावर बोट ठेवून थांबा. सुरुवातीला नुसती खरखर असते, मग तिच्या तळाशी माणसाच्या बोलण्याची लय येते, शब्द कळत नाहीत पण बांगला आहे हे कळते. तेव्हा बटन अगदी किंचित फिरवा.