अन्ननलिकेच्या दाहासाठी मुलांचे एलिमिनेशन डाएट : या चुका टाळा

इओसिनोफिलिक इसोफेजायटिस या आजारात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमतात आणि तिथे दाह धुमसत ठेवतात. त्यावरचा एक उपाय म्हणजे संशयित पदार्थ ठरावीक काळ पूर्ण बंद करून पाहणे. माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणारी बहुतेक कुटुंबे डॉक्टरांनी दिलेली यादी घेऊनच येतात : दूध, गहू, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे व सुकामेवा, मासे व झिंगे. यांतले काय बंद करायचे यावरही त्यांनी खूण केलेली असते. तरीही नागपूरच्या घराघरांत त्याच त्या चुका होताना पाहून आता लिहिणे भाग पडले आहे.

सर्वांत जास्त घोळ दुधाचा होतो. मुलांमध्ये हा आजार चेतवणाऱ्या पदार्थांत दूध पहिल्या क्रमांकावर आहे, आणि आपल्याकडे दूध बंद याचा अर्थ सकाळचा पेला बंद एवढाच घेतला जातो. दही, ताक, कढी, पनीर, संत्रा बर्फीतला खवा, बिस्किटांतली दुधाची भुकटी हे सगळे चालूच राहते. काही जण म्हशीच्या दुधाऐवजी शेळीचे दूध सुरू करतात, परंतु त्याची प्रथिने गाई-म्हशीच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की त्या बदलाला अर्थ उरत नाही. लॅक्टोजमुक्त दुधातून केवळ साखर गेलेली असते. ज्यांच्यामुळे त्रास होतो ती प्रथिने जिथल्या तिथे असतात.

एका आठ वर्षांच्या मुलाचे दूध आणि गहू बंद होते. आई रोज डब्यात ज्वारीची भाकरी आणि झुणका देत होती आणि शाळेतही सांगून ठेवले होते. दोन महिन्यांनी एन्डोस्कोपी (दुर्बिणीच्या नळीने आतून तपासणी) झाली, तर बायोप्सीत, म्हणजे अस्तराच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, इओसिनोफिल जवळजवळ पूर्वीइतकेच. वडिलांनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला की दूध-गव्हाचा काही संबंध नाही, आता सहाही पदार्थ बंद करा. मी आधी आठवडाभर मुलाच्या तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट वहीत लिहायला सांगितली, आणि दुपारी मूल आजीजवळ असते म्हणून आजींनीही त्याच वहीत लिहावे असा आग्रह धरला. तिसऱ्या दिवशी आजींच्या अक्षरात नोंद आली : ‘बेरी, गूळ घालून’. घरी लोणी कढवले की पातेल्याच्या तळाशी राहणारी तपकिरी बेरी नातवाला फार आवडे, आणि ती खरवडून त्याला देणे हा आजींचा नेम होता. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तुपात कुठं दूध रायते जी मॅडम? दूध तर आम्ही कधीचंच बंद केलं.’ तुपात दुधाचे प्रथिन अंशमात्र उरते आणि पथ्याच्या काळात मी तेही बंदच ठेवायला सांगते, पण बेरी म्हणजे बव्हंशी भाजलेले दुधाचे प्रथिनच आहे. बेरी आणि तूप थांबवून तेच दोन पदार्थांचे पथ्य नव्याने केले आणि पुढच्या बायोप्सीत पेशी मर्यादेच्या बऱ्याच खाली आल्या. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे सहा पदार्थ बंद केले असते तरी बेरी चालूच राहिली असती, आणि आहाराचा या मुलाला उपयोग नाही असा शिक्का कायमचा बसला असता. तेव्हापासून घरात स्वयंपाक करणारी आणि मुलाला भरवणारी व्यक्ती समोर बसल्याशिवाय मी पथ्याचा कागद देत नाही.

गव्हाच्या बाबतीत रवा, मैदा, शेवया आणि दलिया हे गहूच आहेत, हे दर वेळी सांगावे लागते. आपल्या सांबारवडीच्या पारीत बहुधा मैदा असतो. बाजारच्या बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, तेव्हा डबी उलटून घटक वाचावेत. ज्वारी चक्कीवर गव्हामागोमाग दळली तर पहिले पीठ गव्हाचेच पडते. ते घरच्या बाकी माणसांसाठी वेगळे काढावे, किंवा शक्य असल्यास तांदळाच्या पाठोपाठ दळून घ्यावे.

दुसरी चूक उतावीळपणाची आहे, आणि तिच्याविषयी माझा संयम कमी पडतो. मूल हसते-खेळते दिसू लागले की पथ्य लागू पडले असे घरच्यांनीच ठरवायचे, आणि मग एखाद्या लग्नात पोळी, श्रीखंड, अंडाकरी सगळे एकदम सुरू करायचे. या आजारात लक्षणे आणि अस्तराची स्थिती यांचा मेळ बसेलच असे नसते. बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना एका दृश्य क्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल दिसणे हा निदानाचा निकष आहे, आणि ते खाली आले की नाही हे केवळ बायोप्सी सांगते. शिवाय मुले गिळण्याचा त्रास लपवायला नकळत शिकतात : प्रत्येक घासावर पाणी पितात, पोळी वरणात पूर्ण भिजवतात आणि पंगतीत सर्वांत शेवटी उठतात. पालक त्याला शांतपणे जेवणे म्हणतात. दाह वर्षानुवर्षे राहिला तर अन्ननलिका अरुंद होऊ शकते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेले नसते.

बंद केलेला पदार्थ परत आणताना एका वेळी एकच आणावा, तो काही आठवडे रोज पुरेशा प्रमाणात द्यावा आणि मग तपासणी व्हावी. चव म्हणून दिलेल्या एका चमच्यावरून काहीही ठरत नाही. तीन पदार्थ एकत्र आणले आणि दाह परतला, तर दोषी कोण हे कळायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि मुलाला आणखी एन्डोस्कोपी सोसाव्या लागतात. तान्हा पोळा, दिवाळी, वाढदिवस यांच्या तोंडावर मी नवा टप्पा सुरूच करत नाही. तान्ह्या पोळ्याला मुलांना मिळणाऱ्या बोजाऱ्यात पेढे, चॉकलेट, बिस्किटे काय काय येते, ते सर्वांना ठाऊक आहे. मूल अनेक महिने दुधापासून दूर राहिले असेल, विशेषतः त्याला दमा किंवा इसब असेल, तर पहिला घास कुठे द्यायचा हे डॉक्टरांना विचारावे, कारण क्वचित तात्काळ ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

सहाही पदार्थ एकदम बंद करण्याची हौस अनेकांना असते. २००६ साली शिकागोतील मुलांवरच्या अभ्यासात सहा पदार्थ बंद केल्यावर ७४ टक्के मुलांना फायदा झाला, हे खरे आहे. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरील अमेरिकी चाचणीत केवळ दूध बंद केलेल्यांपैकी ३४ टक्के आणि सहा पदार्थ बंद केलेल्यांपैकी ४० टक्के जणांचा दाह ओसरला. हा फरक निर्णायक नव्हता. मुलांच्या बाबतीतही, डॉक्टरांची हरकत नसेल तर, मला एक-दोन पदार्थांपासून पायरीपायरीने वर जाणेच पटते.

रक्तातील आयजीई (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंड) किंवा त्वचेवरची ॲलर्जी चाचणी पाहून पदार्थ निवडू नयेत. या आजारात त्या भरवशाच्या नाहीत. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाच्या तपासण्यांच्या महागड्या पॅकेजवर तर एक रुपयाही घालवू नये. पथ्य चालू असताना आम्ल कमी करणारे औषध मनाने सुरू किंवा बंद करू नये, नाहीतर फरक कशाने पडला हे समजत नाही.

दूध बंद करून त्याजागी काहीच न देणे हा आळस आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम असते, पण दोन मध्यम भाकऱ्यांत ६०-७० ग्रॅमच पीठ जाते, म्हणून बहुतेकांना पूरक गोळी लागतेच. बदामाच्या दुधात प्रथिने अगदी कमी असतात, आणि सोयाबीन यादीत असेल तर सोया दूधही बाद होते. वजन व उंची दर महिन्याला नोंदवावी. वजन वाढणे थांबले तर पथ्य रेटू नये, डॉक्टरांकडे जावे.

घास अडकला तर वरून केळे किंवा भाताचा गोळा ढकलू नये. लाळही गिळता येत नसेल तर घरी वाट न पाहता, एन्डोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्यावे.