आल्गार्वला फुलं-पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात आल्गार्वचं तिकीट काढायचं, ही आपल्याकडची लाडकी चूक. पोर्तुगालच्या या दक्षिण किनाऱ्यावर फुलांचा खरा भर मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत. मे सरता सरता माळ पिवळा पडतो. नोव्हेंबरात कासला जाऊन 'फुलं कुठायत?' विचारण्यातला प्रकार.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, तीही जन्म रत्नागिरीचा असून. ताविराजवळ रिया फोर्मोझाच्या खाजणावर सकाळी नऊला पोचलो, कारण हॉटेलात नाश्ता साडेसातला. त्यात उधाणाचे दिवस, ऐन ओहोटी. पार लांबपर्यंत चिखल आणि त्यावर तिळाएवढे ठिपके. बायकोने विचारलं, ''यातला चिखल्या कुठला?'' मी दुर्बीण पुसत बसलो. दुपारी तीनच्या सुमारास पाणी चढलं आणि तेच पक्षी मागच्या मिठागरांच्या बांधांवर येऊन दाटीवाटीने बसले. शेकाट्याचे लालगुलाबी पाय, उचाट्याची वर वळलेली चोच, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. तेव्हापासून आधी भरतीची वेळ बघतो, मग नाश्त्याची. भरतीच्या दीडेक तास आधी बांधावर, ऊन पाठीशी घेऊन.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीचा हंगाम आहे, त्यांना कामं असतात.

रोशा दा पेनाच्या चुनखडीच्या टेकडीवर लोक माथा गाठायला धावत सुटतात आणि ऑर्किड तुडवत जातात. आरशासारखं चमकणारं एक ऑर्किड तिथे सापडतं, उंची वीतभर. पाकळीवर निळी चकाकी, कडेला तपकिरी केसांची झालर. गांधीलमाशीच्या जातीतल्या एका नराला ती मादीच वाटते. तो येऊन झटतो आणि परागाचे पुंजके डोक्यावर घेऊन निघतो. हे बघायला खाली बसावं लागतं. बसण्याआधी जागा तपासा. एकाचा फोटो काढताना मी गुडघ्याखाली दोन चिरडली होती.

साओ व्हिसेंत भूशिरावर टोपीची नाडी बांधा. करकोच्याचं समुद्रकड्यावरचं घरटं टिपायला कडेवर जाऊ नका. खालून कडा पोखरलेला असतो.

तिथल्याच सिस्टस नावाच्या झुडपाची पांढरी फुलं मात्र सकाळीच गाठा. प्रत्येक फूल एका दिवसाचं. 'संध्याकाळी बघू' म्हणणाऱ्यांना जमिनीवर पाकळ्या मिळतात, आणि पानांचा चीक पँटला.