मिश्र बायोफिल्मचा अभ्यास करताना या चुका टाळा

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या श्वासनलिकांमधील घट्ट श्लेष्म्यात स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी पुष्कळदा एकत्र नांदतात; वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांच्या अशा चिकट थराला मिश्र बायोफिल्म म्हणतात. त्यांच्यातील नाते ठरवताना होणारी घाई हेच या क्षेत्रातील बहुतेक चुकांचे मूळ आहे.

सर्वांत घातक चूक म्हणजे एका पोषक माध्यमावरील एका प्लेटवरून ‘हा जिवाणू बुरशीला मारतो’ असे ठरवून टाकणे. स्यूडोमोनासचे पायोसायनिन हे निळे रंगद्रव्य अधिक प्रमाणात असल्यास अ‍ॅस्परजिलसच्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणून तिची वाढ रोखते. परंतु त्याच गटातील द्रव्ये अल्प प्रमाणात असतील, तर ती लोहाचे क्षपण करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) ते बुरशीला उपलब्ध करून देतात आणि वाढीला हातभार लावतात. शिवाय लोह कमी असताना जिवाणूचे पायोव्हर्डिन हे लोह पकडणारे द्रव्य ते बांधून ठेवते आणि बुरशी उपाशी राहते, तर माध्यमात लोह घातल्यावर हा विरोध बराच ओसरतो. त्यामुळे दोन प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी आले, तर जिवाणूच्या किंवा बुरशीच्या वाणावर (उपप्रकारावर) संशय घेण्याआधी माध्यमातील लोह तपासावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरी चूक वेळेची. अ‍ॅस्परजिलसच्या बीजाणूंना अंकुरायला साधारण 6 ते 8 तास लागतात, तर पोषक माध्यमात स्यूडोमोनास तासाभरात दुप्पट होतो. दोन्ही एकाच वेळी सोडल्यास जिवाणूची सरशी जवळजवळ ठरलेलीच असते; याउलट आधीच जमलेल्या कवकतंतूंच्या थरावर त्याचा परिणाम बराच कमी होतो. कॅन्डिडा अल्बिकन्स या दुसऱ्या बुरशीच्या बाबतीत अवस्थेचा फरक आणखी ठळक आहे, कारण स्यूडोमोनास तिच्या तंतूंना चिकटून त्यांना मारतो, पण यीस्ट रूपातील (सुट्या, गोलसर) पेशींना तसे करत नाही. म्हणून कोणता जीव आधी सोडला आणि तेव्हा बुरशी कोणत्या रूपात होती, हे प्रत्येक नोंदीत असलेच पाहिजे.

मोजमापातही फसगत होते. क्रिस्टल व्हायोलेट हा रंग थराचे एकूण वस्तुमान दाखवते, त्यात कोणाचा वाटा किती हे सांगत नाही. तंतुमय बुरशीच्या वसाहती मोजणेही दिशाभूल करते, कारण अनेक पेशींचा लांब तंतू एकच वसाहत देतो, आणि तोच तंतू ढवळताना तुटला की अनेक वसाहती दिसतात. जिवंत पेशींची सक्रियता रंगबदलावरून मोजणाऱ्या एक्सटीटी चाचणीत पायोसायनिन स्वतःच रंगबदल घडवू शकते; केवळ जिवाणूचा आणि पेशीविरहित द्रवाचा नियंत्रण-नमुना ठेवल्याशिवाय ते आकडे वापरू नयेत.

रुग्णाच्या बेडक्याच्या तपासणीत बुरशी उगवली नाही, तर नमुना नीट पातळ केला होता का, प्रतिजैविकयुक्त निवडक माध्यम वापरले होते का आणि प्लेट पुरेसे दिवस ठेवली होती का, हे आधी पाहावे, कारण वेगाने पसरणारा जिवाणू बुरशीला झाकून टाकतो. उलट बाजूने, बेडक्यात कॅन्डिडा सापडली एवढ्यावरून न्यूमोनियाचे निदान करू नये. ती बहुधा वरच्या श्वसनमार्गातील वस्ती असते आणि खरा कॅन्डिडा न्यूमोनिया दुर्मीळ आहे.