तीन मास्कचा एक लेबलमॅप: यकृताच्या सीटी स्कॅनवर मला काय लागू पडलं

यकृत, त्यातल्या रक्तवाहिन्या आणि गाठ असे तीन वेगवेगळे बायनरी मास्क (तो भाग आहे तिथे १, बाकी ०) हाताशी होते, आणि एआय मॉडेलला हवी होती एकच फाइल, म्हणजे लेबलमॅप: ० पार्श्वभूमी, १ यकृत, २ वाहिन्या, ३ गाठ. मास्कला १, २, ३ ने गुणून बेरीज करायची, हा उपाय सगळे सुचवतात. पण गाठ यकृताच्या आतच असते. तिथे १ + ३ होऊन ४ नावाचा, कुणीही न मागितलेला वर्ग तयार झाला.

शिवाय वाहिन्यांचा मास्क फिजी या इमेज-प्रोसेसिंग सॉफ्टवेअरमधून आलेला, म्हणजे त्यात १ नाही, २५५. आठ बिटांत २५५ ची दुप्पट ५१० मावत नाही, गुंडाळून २५४ उरतात. आणि एरर काही येत नाही, हे जास्त वाईट!

बेरीज सोडली. नमपाय या पायथनच्या लायब्ररीत शून्यांचा रिकामा अ‍ॅरे घेतला आणि रांगोळीसारखं केलं: आधी मोठं क्षेत्र भरायचं, बारीक नक्षी वरून. मास्क शून्याहून मोठा असेल तिथे आधी १, मग २, शेवटी ३. शेवटचा जिंकतो, त्यामुळे क्रम डॉक्टरांना विचारून ठरवावा.

थ्रीडी स्लायसर या वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरमध्ये सेगमेंट (आखलेले भाग) एकमेकांवर राहू शकतात, साध्या लेबलमॅपमध्ये एका व्हॉक्सेलला (त्रिमितीय पिक्सेलला) एकच आकडा. त्यामुळे मूळ मास्क जपून ठेवले.

रीसॅम्पलिंग, म्हणजे व्हॉक्सेलचा आकार बदलणं, मात्र निअरेस्ट नेबरनेच, म्हणजे सगळ्यात जवळच्या व्हॉक्सेलचा आकडा तसाच उचलून. शेजारच्या आकड्यांची सरासरी काढणारं लिनियर ठेवलं तर १ आणि ३ च्या सीमेवर २ येतो, म्हणजे गाठीभोवती खोट्या रक्तवाहिन्या.