मुंबईत घरोघरी वीजबचतीची कामं करून द्यायला जाताय? आधी या चुका टाळा

वीजबचतीचे बरेच सल्ले थंड प्रदेशांतले असतात. फटी बुजवा, घरातली ऊब बाहेर जाऊ देऊ नका, वगैरे. मुंबईत प्रश्न उलटा आहे. इथे उष्णता बाहेरून आत येते, वर हवा दमट. त्यामुळे फटी बुजवायच्या त्या फक्त एसीच्या खोलीच्या. एसी नसलेल्या घरात वारा खेळता राहणं हाच गारवा.

झडपा बुजवू नका. बाकीच्या चुकांनी पैसे जातात, हिच्यामुळे जीव जाऊ शकतो. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल आणि तिथली झडप किंवा जाळी बंद केली, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंगही नसतो. स्वयंपाकघरातली गॅससाठी ठेवलेली जाळीसुद्धा मोकळीच हवी. ‘पाली येतात’ म्हणून कुणी पुठ्ठा लावला असेल तर तो काढायला लावा, त्या जागी बारीक तारेची जाळी बसवा.

सरकत्या खिडकीला फोमची पट्टी लावू नका. ती घासून गोळा होते आणि खिडकी अडकते. फ्रेमच्या खाचेत ब्रशसारखी केसाळ पट्टी असते. ती झिजली असेल तर जुनीचा तुकडा नमुना म्हणून दुकानात न्या, नाहीतर रुंदी हमखास चुकते. खालच्या रुळातली भोकं पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी असतात. तिथे सिलिकॉन भरलं, तर जूनमध्ये पाणी थेट गादीपर्यंत.

पत्र्याचं छत गार करायला त्यावर चुना फासू नका. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पत्र्यावर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. पत्रा धुऊन वाळवा, गंज तारेच्या ब्रशने काढा, त्यावर प्रायमर आणि मग छतासाठीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात. सिमेंटचा पत्रा असेल तर ब्रश अजिबात नको. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात जाते. त्यावर पाय ठेवणंही धोक्याचं, कारण तो अचानक फुटतो. स्लॅबच्या गच्चीवर मात्र चुना चालतो. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसा उपयोग नाही, ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बाहेरून चटई किंवा हिरवी जाळी बांधा. ग्रिलचं उघडतं दार मोकळं ठेवा, आगीत तीच वाट असते.

बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणारा नव्या मोटरचा पंखा, जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका. पंखा गुणगुणतो, रिमोट चालेनासा होतो आणि आतलं सर्किट जळू शकतं. रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाकायचा, नुसतं बटण ठेवायचं. ७५ वॅटच्या जागी ३० वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात. दोन तास चालणाऱ्या पंख्याच्या मागे आधी लागू नका.

बिलाच्या रकमेवरून बचत मोजू नका. दर बदलतात, युनिटनुसार दराचा टप्पा बदलतो, बिलाचे दिवसही कमीजास्त असतात. युनिटना दिवसांनी भागा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा.

एखाद्या उपकरणाचा भार काढायचा तर मीटरचा लुकलुकणारा दिवा पुरे. चाळीत सगळे मीटर एकाच ठिकाणी असतात, तेव्हा आधी बिलावरचा मीटर क्रमांक जुळवा. एकाने फोन लावून मीटरपाशी थांबायचं, दुसऱ्याने घरात तेवढं एक सोडून सगळं बंद करायचं. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स (दिव्याची एक लुकलुक म्हणजे एक पल्स) छापलेले असतील, तर दिवा दहादा लुकलुकायला लागलेल्या सेकंदांनी ११२५० ला भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. १५० सेकंद लागले तर ७५ वॅट. पल्सचा आकडा वेगळा असेल तर ३ कोटी ६० लाखांना आधी त्या आकड्याने भागा आणि येणारं उत्तर ११२५० च्या जागी घ्या.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर कुठेतरी गळती असू शकते किंवा दुसऱ्याची लाइन जोडलेली असू शकते. अशा वेळी बोर्ड उघडू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा.