संमेलनाला निघताना: बारा प्रिंट्स आणि एक प्रश्न

मी चतुर आणि टाचण्या या पाण्याकाठच्या उडत्या कीटकांचे फोटो काढते. पाण्याच्या काठी, चिखलात कोपर टेकून, एकटीने. या कामात वर्षभर सोबतीला कुणी नसतं, म्हणून निसर्ग-छायाचित्रकारांचं वार्षिक संमेलन मला फार जिव्हाळ्याचं वाटतं. पहिल्यांदा गेले तेव्हा तयारी नव्हती आणि बरंच काही हातून निसटलं. आता ओळखीतलं कुणी पहिल्यांदा निघालं की मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

कार्यक्रमपत्रिका हाती आली की सगळ्यांत आधी पोर्टफोलिओ (आपल्या निवडक फोटोंचा संच) परीक्षणाची वेळ नोंदवून टाका. अनुभवी छायाचित्रकार किंवा फोटो संपादक तुमच्या शेजारी बसतात आणि फक्त तुमचे फोटो बघतात. साधारण पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि जागा पटकन भरतात. एखादं व्याख्यान चुकलं तर पुढेमागे ऐकता येईल, ही वीस मिनिटं मात्र परत मिळत नाहीत.

पहिल्या वर्षी मी लॅपटॉपवर साठ फोटो घेऊन गेले होते. मी भराभर पुढे सरकवत होते, समोरचे बघत होते, आणि वेळ संपली तेव्हा ‘छान आहेत’ याखेरीज माझ्या पदरात काहीच पडलं नव्हतं. पुढच्या वर्षी बारा प्रिंट्स नेल्या. ए४ आकाराच्या, मॅट कागदावर, कारण चकचकीत कागदावर सभागृहातल्या दिव्यांचंच प्रतिबिंब पडतं. परीक्षक बाईंनी बाराही प्रिंट्स टेबलावर पसरल्या, थोडा वेळ नुसत्या बघितल्या आणि एक जवळ ओढली. वाळक्या काडीच्या टोकावर बसलेला लाल चतुर. माझा सगळ्यांत आवडता फोटो. काही न बोलता त्यांनी प्रिंटच्या डाव्या कडेवर तळहात ठेवला. तिथे एक धूसर, फिकट हिरवं पान होतं. फोटो काढताना मला ते दिसलंही नव्हतं. पान झाकल्याबरोबर चतुराच्या पंखाची कड एकदम उठून आली. त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, “वीतभर उजवीकडे सरकला असतात, तर हे पान चौकटीत आलंच नसतं.” त्या दिवसापासून बटण दाबण्याआधी मी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवते. साठ फोटोंच्या गर्दीत तो हात त्या पानावर कधीच गेला नसता.

बारा निवडताना सगळे उत्तम फोटो घेऊ नका. पाच-सहा तुमच्या मते जमलेले, आणि उरलेले तुम्ही जिथे अडला आहात ते. सोबत एक नेमका प्रश्न ठेवा. ‘माझे फोटो कसे वाटले?’ असं विचारलं की समोरचा माणूस भिडेपोटी चांगलंच बोलतो. ‘या तीन फोटोंत पार्श्वभूमी मला साधत नाही, कुठे चुकतंय?’ असं विचारलं की तो पुढे सरकून बसतो. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने तारीख, वेळ आणि उजेड कुठून येत होता ते लिहून ठेवा, कारण हे हमखास विचारतात. परीक्षण संपलं की लगेच एका कोपऱ्यात बसून ऐकलेलं सगळं उतरवून काढा. संध्याकाळपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

सदस्यांच्या फोटोंचा स्लाइड शो असेल तर फाइल्स आयोजकांनी सांगितलेल्या मापातच द्या. माप सांगितलं नसेल तर १९२० बाय १०८० पिक्सेल, एसआरजीबी रंगावकाश (बहुतेक पडद्यांवर चालणारी रंगांची पद्धत) आणि जेपीईजी फाइल, म्हणजे सहसा अडचण येत नाही. प्रोजेक्टरवर गडद भाग आणखी गडद होतात. संधिप्रकाशातली माझी एक टाचणी पडद्यावर नुसता काळा डाग झाली होती. आता मधल्या सुट्टीत तंत्रज्ञांना विनंती करून मी माझा सर्वांत अंधारा फोटो आधी पडद्यावर बघून घेते आणि गरज पडली तर उजळ केलेली प्रत देते.

व्याख्यानं निवडताना आपल्या विषयाबाहेरचं एक तरी ऐका, आणि कुणी संशोधक बोलणार असतील तर ते चुकवूच नका. मला याचा फार मोठा फायदा झाला. ऊन डोक्यावर आलं की काही चतुर पोटाचं टोक थेट सूर्याकडे रोखून शीर्षासन केल्यासारखे बसतात. मी ते फोटो ‘विचित्र पोझ’ म्हणून बाजूला टाकत असे. एका व्याख्यानात कळलं की याला ओबेलिस्क पोझ म्हणतात: अंगाचा कमीत कमी भाग उन्हाला लागावा आणि शरीर तापू नये म्हणून ही बैठक. तोवर मी दहा वाजले की कॅमेरा पिशवीत घालत होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी भर दुपारी पाण्यावर जायला लागले.

पडद्यावरच्या स्लाइडचे मोबाइलवर फोटो काढत बसू नका, ते कुणी पुन्हा बघत नाही. वक्त्याने काय ठरवलं ते लिहा: किती दिवस गेला, वारा कुठून होता, काय फसलं. प्रश्न विचारायचा तर याबद्दलच विचारा. दुर्मीळ प्राण्याचा किंवा घरट्याचा फोटो दाखवला की ‘हे नेमकं कुठे?’ असं भर सभेत कधीही विचारू नका. जागा फुटली की तिथे गर्दी होते आणि पक्षी घरटं सोडून जातात. आपले फोटो कुणाला देतानाही त्यातली जीपीएसची नोंद आधी काढून टाका.

नीतिमत्तेवरचं सत्र कंटाळवाणं असेल असं समजून लोक बाहेर पडतात, याचं मला वाईट वाटतं. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही स्पर्धा १९६५ पासून चालते. तिथे २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. तो लांडगा रानातला नसून शिकवलेला असावा, असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकाराने ते नाकारलं, पण जानेवारी २०१० मध्ये पुरस्कार काढून घेण्यात आला. पाळीव की रानातला, आमिष ठेवलं होतं का, आवाज लावून पक्षी बोलावला का, हे फोटोसोबत लिहायची सवय अशा सत्रांतूनच लागते. माझ्या पोर्टफोलिओत आता प्रत्येक फोटोखाली ही ओळ असते.

कॅमेरा-लेन्सच्या स्टॉलवर जाताना आपलं मेमरी कार्ड घेऊन जा. एखादी लेन्स हातात मिळाली तर पाच-दहा फोटो आपल्या कार्डवर काढा आणि घरी मोठ्या पडद्यावर, खास करून कडा, तपासा. कॅमेरा अगदी नवा असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलसोबत, जेपीईजीही काढा, कारण तुमच्या सॉफ्टवेअरला त्या कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडता येईलच असं नाही. त्याच दिवशी खरेदी करू नका. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर साफ करून देणारं कुणी असेल तर पहिल्याच सकाळी नंबर लावा.

पहाटेच्या फेरीला एकच लेन्स न्या. दहा-बारा जण एकाच पक्ष्याकडे निघाले की आधी थांबा, मागच्याला वाट द्या, पक्षी अस्वस्थ झाला तर सगळ्यांना मागे घ्या. मी अशा फेरीत स्वतःचे फोटो फारसे काढतच नाही. जाणती माणसं कुठे उभी राहतात, कधी खाली बसतात, कधी कॅमेरा उचलतच नाहीत, ते बघते.

आणि माणसं जोडा. २००५ साली अलास्कातल्या अँकरेज इथे भरलेल्या जागतिक वन्यप्रदेश परिषदेत क्रिस्टिना मिटरमायर यांच्या पुढाकाराने संवर्धनासाठी काम करणाऱ्या छायाचित्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएलसीपी, उभी राहिली. एवढं मोठं काही घडायलाच हवं असं नाही. एकट्याने आला असाल तर तुमच्यासारखंच एकटं बसलेलं कुणी शोधा आणि ‘तुम्ही कशाचे फोटो काढता?’ म्हणून विचारा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आपला एक फोटो छापून मागे नाव आणि ईमेल लिहिलेली दहा-वीस कार्डं जवळ ठेवा. नुसती नावाची कार्डं खिशात राहतात, फोटो लोक भिंतीला लावतात. समोरच्याचं कार्ड मिळालं की त्याच्याच पाठीवर काय बोलणं झालं ते टिपून घ्या.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत या लोकांना लिहा. चार ओळी पुरतात, पण त्यातली एक तुमच्या दोघांत झालेल्या बोलण्याबद्दलची असू द्या. मी त्या परीक्षक बाईंना लाल चतुराचा नवा फोटो पाठवला होता, पान नसलेला. फोटो जोडायचाच असेल तर एकच जोडा, आणि तो दोन एमबीच्या आत ठेवा.